नर्सिंगला जाताय? अंगाची आणि मनाची तयारी अशी करा

बारावीचा निकाल लागला की दरवर्षी नात्यागोत्यातून, ओळखीतून फोन सुरू होतात. "ताई, मुलीला नर्सिंगला घालायचंय, पण तिला रक्त बघवत नाही. जमेल का?" कुणाची मुलगी अंगानं अगदी बारीक असते, कुणाला जाड भिंगाचा चष्मा असतो, तर कुणाच्या मुलाला 'ब्रदर', म्हणजे पुरुष नर्स, व्हायचं असतं आणि घरच्यांना शंका असते. मी आधी बरीच वर्षं वॉर्डात काढली आणि नंतर ट्यूटर म्हणून शिकवलं. त्या अनुभवावरून सांगते, या सगळ्या अडचणींतून वाट निघते. मी उलट दुसरंच विचारते. मुलीला दुखलंखुपलं तर ती सांगते का? चूक झाली की कबूल करते का? कारण या कामाला लागणारी बहुतेक क्षमता कॉलेजात घडते, पण जी मुलगी लपवते तिच्या बाबतीत ती घडवता येत नाही. पुढं जे लिहिलंय ते सगळं याच अनुभवातून आलेलं आहे.

फॉर्म भरण्याआधी: खरी तपासणी करून घ्या

बी.एस्सी. नर्सिंग चार वर्षांचं, जीएनएम (जनरल नर्सिंग अँड मिडवायफरी) तीन वर्षांचं आणि एएनएम (ऑक्झिलरी नर्सिंग अँड मिडवायफरी) दोन वर्षांचं. भारतीय परिचर्या परिषदेच्या नियमांत विद्यार्थी वैद्यकीयदृष्ट्या तंदुरुस्त असला पाहिजे, अशी अट आहे. बरेच जण ओळखीच्या डॉक्टरकडून दोन मिनिटांत सही आणतात आणि मोकळे होतात. तसं करू नका. हा दाखला कॉलेजच्या फाइलमध्ये जाईल, पण तपासणी तुमच्या उपयोगाची आहे.

डोळ्यांपासून सुरुवात करा. चष्म्यानं काही अडत नाही, मात्र नंबर ताजा हवा. अँप्युलवरची, म्हणजे इंजेक्शनच्या औषधाच्या काचेच्या छोट्या कुपीवरची, अक्षरं मुंगीएवढी असतात आणि ती रात्रीच्या मंद दिव्यात वाचायची असतात. रंग ओळखता येणं त्याहून महत्त्वाचं. वॉर्डात जागोजागी रंगांची भाषा आहे. जैववैद्यकीय कचऱ्यासाठी पिवळा, लाल, पांढरा आणि निळा असे चार रंग ठरलेले आहेत. रक्ताच्या नळ्यांची झाकणं जांभळी, लाल, करडी, फिकट निळी असतात आणि चुकीच्या नळीत घेतलेलं रक्त वाया जातं. सुईच्या जाडीप्रमाणे कॅन्युलाचे (शिरेत घालून ठेवायच्या नळीचे) रंगही बदलतात, २० नंबरचा गुलाबी तर २२ चा निळा. त्यात ओठ निळसर पडलेत का, लघवी लालसर आहे का, डोळे पिवळे दिसतात का, हे पहिल्यांदा नर्सच्याच नजरेला पडतं. ठिपक्यांच्या गोलातला आकडा ओळखायची चाचणी पाच मिनिटांची असते, ती करून घ्या. रंगांधळेपणा निघाला म्हणून घाबरू नका. रंगदोष सुधारणारी लेन्स किंवा चष्मा वापरणाऱ्यांना परिषदेचे नियम प्रवेश देतात. पायाचं ४० ते ५० टक्के अपंगत्व असलेल्यांसाठी राखीव जागा असतात आणि त्याची खातरजमा समिती करते, तेव्हा ते प्रमाणपत्र वेळेत काढून ठेवा.

कान तपासा. ज्यांच्या कानातून लहानपणापासून पू येतो, अशी मुलं आपल्याकडे बरीच असतात आणि ती त्याला आजार समजतच नाहीत. पुढं स्टेथोस्कोपमधून बारीक आवाज ऐकायचाय. हाताला खरूज-इसब असेल तर तेही आत्ताच दाखवा, कारण दिवसातून पन्नास वेळा हात धुतल्यावर ते चिघळतं. रबरी हातमोज्यांनी पुरळ येत असेल तर नायट्राइलचे हातमोजे मिळतात.

आणि हिमोग्लोबिन. मुलींनो, हे वाचताना थांबा. २०१९-२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात महाराष्ट्रातल्या १५ ते ४९ वयाच्या निम्म्याहून अधिक स्त्रिया रक्तक्षयाच्या निघाल्या. हिमोग्लोबिन १२ च्या खाली असेल तर सहा तास उभं राहून काम करताना दम लागणारच. "मला झेपत नाही" म्हणून रडणाऱ्या कितीतरी मुलींची अडचण मनाची नसून रक्ताची होती. लोहाच्या गोळ्या डॉक्टरांना विचारून सुरू करा. गोळीबरोबर लिंबूपाणी घ्या आणि गोळीच्या आगेमागे चहा टाळा. कॉलेज सुरू होईपर्यंत फरक जाणवेल.

फिट्स येत असतील, दमा, मधुमेह असेल, मनाच्या आजारावर औषधं चालू असतील तर ते सांगा. घरचे म्हणतील, "कशाला सांगायचं, प्रवेश जाईल." पण जागरणानं फिट येऊ शकते. तुम्हाला फिट्सचा त्रास आहे हे ट्यूटरला माहीतच नसेल तर तुमची रात्रपाळी ती विचार करून कशी लावणार? एक मुलगी इनहेलर पर्समध्ये लपवून ठेवायची. ड्युटीवर दमा उसळला तेव्हा ती पर्स वसतिगृहात होती. ती वाचली, कारण आजूबाजूला सगळा दवाखानाच होता.

निकाल ते कॉलेज: हातात असलेले दोन-तीन महिने

जिम लावायची गरज नाही. चालायला लागा, रोज पाऊण तास, पायात तेच बूट घालून जे ड्युटीवर घालणार आहात. बूट अर्धा नंबर मोठे घ्या, कारण दिवसभर उभं राहून संध्याकाळी पाय सुजतात. जिने चढा, उठाबशा काढा, सूर्यनमस्कार येत असतील तर बाराच घाला पण रोज घाला. आपल्याला पैलवान व्हायचं नाही. मांड्या आणि पाठ कणखर करायची आहे.

हेपटायटिस बी ची लस आत्ताच सुरू करा. पहिला डोस, एक महिन्यानं दुसरा, सहा महिन्यांनी तिसरा असा तिचा क्रम असतो, म्हणजे आज सुरू केली तर पहिल्या वर्षाच्या मध्यावर पूर्ण होते. लहानपणी घेतली असेल तर कार्ड शोधून ठेवा. तिसऱ्या डोसनंतर एक-दोन महिन्यांनी रक्तातली प्रतिपिंडं मोजतात, तो आकडा १० किंवा त्याहून जास्त हवा.

सेकंदकाटा असलेलं साधं घड्याळ घ्या आणि घरच्यांच्या नाड्या मोजायला लागा. आजी दुपारी झोपली की तिच्या पोटाकडे बघून एक मिनिटभर श्वास मोजा. मोठ्या माणसाचे साधारण १२ ते २० भरतात. पूर्ण एक मिनिट मोजा, पंधरा सेकंद मोजून चारानं गुणू नका. एक मिनिट नजर न हलवता एका जागी बघत बसणं किती अवघड आहे, हे तेव्हा कळेल. या कामाला सगळ्यात जास्त लागणारी ताकद हीच आहे आणि तिचा सराव घरी फुकट होतो.

वॉर्डातलं पहिलं पोस्टिंग: चक्कर, वास आणि तुमचा चेहरा

रक्त बघून चक्कर येणाऱ्यांसाठी हे सविस्तर लिहिते. असं दृश्य बघितलं की काहींची नाडी मंदावते, रक्तदाब एकदम उतरतो आणि मेंदूला क्षणभर रक्त कमी पडतं. हा शरीराचा धर्म आहे, त्यात भित्रेपणा नाही. आधी खुणा दिसतात. तोंडाला पाणी सुटतं, कानात गूं आवाज येतो, थंड घाम फुटतो, नजरेपुढं काळं येतं. एवढं झालं की "सिस्टर, मला चक्कर येतेय" असं मोठ्यानं म्हणा आणि आहात तिथंच खाली बसा. शक्य असेल तर आडव्या व्हा आणि पाय वर घ्या. सुरुवातीच्या खुणेलाच पायावर पाय आवळून मांड्या घट्ट केल्या तर पुष्कळदा तेवढ्यावर निभावतं. उभ्याउभ्या दम धरून राहणारीच शेवटी ड्रेसिंगच्या ट्रॉलीवर कोसळते आणि कपाळ फोडून घेते.

पोटात काही नसलं की चक्कर लवकर येते. आमच्याकडे सोमवारी, गुरुवारी आणि नवरात्रात मुली पडायच्या, हे मी कितीदा पाहिलंय. उपास करायला माझी ना नाही, पण ड्युटीच्या दिवशी केळं, शेंगदाणे, दूध असं काहीतरी खाऊनच या आणि उपास आहे हे बरोबरच्या मैत्रिणीला सांगून ठेवा. पहिल्याच दिवशी मोठं ऑपरेशन बघायला धावू नका. लहान जखमेचं ड्रेसिंग बघा, मग टाके काढताना बघा, मग प्रसूती. चौथ्या-पाचव्या वेळेपर्यंत बहुतेकांचं शरीर सरावतं.

वासाला सरावायला जास्त दिवस लागतात. बेडपॅन, सडलेली जखम, सक्शनच्या नळीनं ओढून काढलेला कफ. मास्क लावा, खिडकी उघडा, थोडा वेळ तोंडानं श्वास घ्या. चेहरा मात्र आवरायला शिकावंच लागतं, कारण पेशंट आपल्या चेहऱ्याकडेच बघत असतो. पायाला गँगरीन झालेल्या एका आजोबांनी मला विचारलं होतं, "पोरी, लई वास येतोय न्हवं?" नाही म्हणणं सोपं होतं. पण त्यांनाही तो वास येत होता. मी म्हणाले, "येतोय आजोबा. म्हणूनच दिवसातून दोनदा ड्रेसिंग करतोय, कमी होईल." त्यानंतर ते ड्रेसिंगच्या वेळी मान फिरवून घ्यायचे बंद झाले.

पेशंट उचलणं: पाठ वाचवायची असेल तर हे पाठ करा

माझ्या बरोबरीच्या कितीतरी सिस्टर चाळिशीतच कमरेचा पट्टा लावून फिरायला लागल्या. त्यांचं ओझं जास्त नव्हतं, त्या वाकत चुकीच्या होत्या. गावाकडं विहिरीवर हंडा उचलणाऱ्या बाईला बघा. ती कमरेतून वाकत नाही. आधी बसते, हंडा मांडीवर घेते, अंगाशी धरते आणि मग पायांच्या जोरावर उठते. पेशंट हलवायचं तंत्र हेच आहे.

आधी पेशंटशी बोला. "काका, आता तुम्हाला वर सरकवतोय, हनुवटी छातीला लावा, पाय दुमडा आणि तीन म्हटलं की टाचा रोवून ढकला." निम्मं वजन तिथंच कमी होतं. मग पलंगाची चाकं लॉक करा. पलंग वरखाली होत असेल तर तो तुमच्या कमरेच्या उंचीला आणा. पाय फाकवून उभ्या राहा, गुडघे वाकवा, पेशंट अंगाजवळ घ्या. वळायचं असेल तर पाऊल टाकून वळा. कंबर पिळत वजन उचललं की मणक्यातली गादी सरकते. पाठीखाली आडवी चादर घाला आणि ती दोन्ही बाजूंनी धरून एकाच वेळी ओढा. मणक्याला मार लागलेला पेशंट असेल तर चार जण हवेत, एक जण फक्त डोकं-मान धरायला, आणि आकडेही त्यानंच मोजायचे.

एकटीनं उचलू नका. वॉर्डातल्या मामांना, मावशींना हाक मारा, आणि हाक मारताना 'मामा', 'मावशी' म्हणूनच मारा. वीस-वीस वर्षं पेशंट उचलणारी ही माणसं पुस्तकात नसलेल्या युक्त्या दाखवतात.

अंथरुणाला खिळलेल्या पेशंटची कूस दर दोन तासांनी बदलायची असते. हे ऐकायला सोपं वाटतं. मुंबईच्या केईएममधल्या परिचारिका अरुणा शानभाग यांच्यावर नोव्हेंबर १९७३ मध्ये त्याच रुग्णालयात हल्ला झाला आणि १८ मे २०१५ ला त्या गेल्या. मधली जवळजवळ ४२ वर्षं केईएमच्या सिस्टरांनी त्यांना भरवलं, पुसलं, कुशीवर वळवलं आणि बेडसोअर, म्हणजे पडून राहून होणाऱ्या जखमा, होऊ दिले नाहीत. त्यांच्या दयामरणाच्या याचिकेवरच्या २०११ च्या निकालात सर्वोच्च न्यायालयानं या परिचारिकांचं मनापासून कौतुक केलं. त्या काळात सिस्टर निवृत्त होत गेल्या, नव्या मुली येत गेल्या. एका बाईच्या अंगातल्या ताकदीवर हे झालेलं नाही. एका पाळीनं दुसऱ्या पाळीला नीट सांगितलं, दुसरीनं ते ऐकलं आणि केलं. वॉर्डात दोन वाजताचं कूस बदलणं कंटाळवाणं वाटेल त्या दिवशी मी माझ्या मुलींना हेच सांगायचे.

बोटं, कान आणि आकडे

पहिले काही आठवडे बीपी ऐकू येणार नाही. सगळ्यांचं तसंच होतं. तेव्हा "सिस्टर, मला ऐकू आलं नाही" एवढंच म्हणायचं. १२०/८० लिहून टाकायचं नाही. मी असे चार्ट पाहिलेत, ज्यात पूर्ण वॉर्डाचे श्वास २० होते, न्यूमोनियाच्या पेशंटचेसुद्धा. न मोजलेला आकडा लिहिणं हे चुकीच्या औषधाइतकंच घातक आहे, कारण त्या आकड्यावर डॉक्टर औषध ठरवतात.

गणित म्हणाल तर सातवी-आठवीचं लागतं, पण ते घाईत आणि गोंगाटात अचूक यावं लागतं. ५०० मिली सलाईन ८ तासांत द्यायचंय, सेट, म्हणजे सलाईनची नळी, मिलीला २० थेंबांचा आहे. ५०० गुणिले २० म्हणजे १०,०००. आठ तासांची मिनिटं ४८०. भागाकार साधारण २१, म्हणजे मिनिटाला २१ थेंब. सेटच्या पाकिटावर थेंबांचा आकडा छापलेला असतो, तो वाचल्याशिवाय हिशेब करू नका, कारण बारीक थेंबांचा मायक्रोसेट मिलीला ६० थेंबांचा असतो.

इन्सुलिनपाशी तर दोनदा थांबा. आपल्याकडच्या बऱ्याच बाटल्यांत मिलीला ४० युनिट असतात, काहींत १००. सिरिंजही दोन प्रकारच्या, ४० ची लाल झाकणाची आणि १०० ची नारिंगी. १०० ची बाटली आणि ४० ची सिरिंज अशी जोडी झाली, तर २० च्या खुणेपर्यंत भरलेल्या औषधात ५० युनिट जातात. माझ्या हातून नोकरीच्या पहिल्या वर्षी नेमकं हेच भरलं गेलं होतं. शेजारच्या सिनिअर सिस्टरला दाखवायचा नियम होता म्हणून मी दाखवलं. त्यांनी बाटली मागितली, सिरिंज उजेडात धरली आणि मला काही न बोलता ती रिकामी केली. पेशंटला धक्काही लागला नाही. पण मी दाखवायला गेले नसते तर काय झालं असतं, हा विचार आजही मनातून जात नाही. दुसऱ्याला दाखवून घेण्यात कमीपणा नाही. वीस वर्षं झालेल्या सिस्टरही दाखवून घेतात.

सुई टोचली तरी तेच. रागावतील म्हणून मुली बोट चेपून, रुमाल बांधून गप्प बसतात. वापरलेल्या सुईवर टोपण परत चढवायचंच नाही, हा पहिला नियम. तरी टोचलीच तर बोट पिळू नका, तोंडात घालू नका. साबण आणि वाहत्या पाण्यानं धुवा आणि लगेच सांगा. एचआयव्हीचा धोका असेल तर प्रतिबंधक गोळ्या शक्यतो दोन तासांत सुरू व्हाव्या लागतात, ७२ तासांनंतर त्यांचा उपयोग नाही, आणि कोर्स २८ दिवसांचा असतो. सकाळपर्यंत थांबून बघू, असं म्हणायला वेळच नसतो.

मराठी माध्यमातून आलेल्यांना पुस्तकांच्या इंग्रजीची धास्ती असते. पहिल्या सहा महिन्यांत रोज दहा शब्द वहीत उतरवा, ती धास्ती कमी होते. उलट वॉर्डात तुमच्या मराठीचीच गरज पडते. "छातीत कळ येतेय", "जीव घाबरा होतोय", "पोटात कालवतंय" यातला फरक तुम्हाला न सांगता कळतो.

मनाचं काय

पहिला मृत्यू बहुतेकींच्या लक्षात राहतो. काल ज्यांना चहा भरवला त्यांच्या नाकात आज कापूस घालायचा असतो. रडू आलं तर रडा, पण काम संपल्यावर, बाजूच्या खोलीत. नातेवाइकांसमोर दोन अश्रू आले तरी त्यांना ते वावगं वाटत नाही, मात्र त्यांनी तुम्हाला सावरायची वेळ येऊ नये. त्या संध्याकाळी एकटीनं खोलीत पडून राहू नका. मैत्रिणीला सगळं सांगा, पण पेशंटचं नाव-गाव गाळून. घरी फोनवरसुद्धा नाव घ्यायचं नाही, आणि वॉर्डात फोटो काढायचा नाही. शेजारच्या गावची बाई तुमच्या वॉर्डात गर्भपातासाठी आलेली असू शकते. तिची गोष्ट गावात पोचता कामा नये.

नातेवाईक ओरडतील. बहुतेक वेळा ती भीती असते आणि समोर तुम्ही सापडता म्हणून ती तुमच्यावर निघते. आवाज खाली ठेवा, माहीत आहे तेवढंच सांगा, बाकीचं "डॉक्टरांना विचारून येते" म्हणा आणि खरंच विचारून परत या. हात उगारला तर मात्र मागं या आणि सुरक्षारक्षकाला बोलवा. महाराष्ट्रात २०१० पासून आरोग्यसेवकांवरच्या हल्ल्यांविरुद्ध कायदा आहे आणि विद्यार्थी परिचारिकांनाही त्याचं संरक्षण आहे.

सिनिअर रागावणं वेगळं आणि अपमान वेगळा. "हात न धुता ट्रेला हात का लावलास?" हे कितीही चढ्या आवाजात आलं तरी ऐका, त्यात पेशंटचं भलं आहे. जात, रंग, गाव किंवा घरच्या परिस्थितीवरून कुणी बोललं तर ते सहन करायचं नाही. तारीख-वेळ लिहून ठेवा आणि ट्यूटरला, प्राचार्यांना लेखी द्या. रॅगिंगविरोधी मदतक्रमांक १८००-१८०-५५२२ आहे.

दोन आठवडे झोप नाही, जेवण जात नाही, वॉर्डाच्या दारात पाय थरथरतात, किंवा आपण नसतो तर बरं असं मनात येतं, असं झालं तर सुट्टीची वाट बघू नका. टेली-मानस या सरकारी मानसिक आरोग्य सेवेचा १४४१६ हा क्रमांक फुकट आहे, चोवीस तास चालतो आणि तिथं मराठीत बोलता येतं. पदवीआधी प्रात्यक्षिकाची हजेरी शंभर टक्के भरावी लागते, म्हणून मुली आजार अंगावर काढतात. पण बुडालेले दिवस नंतर भरून काढता येतात. तेवढ्यासाठी आजार वाढवू नका.

रात्रपाळी आणि रोजचं शरीर

पाणी प्या आणि लघवीला जा. इतकी साधी गोष्ट लिहायला लागते, कारण वॉर्डात वेळ नाही म्हणून मुली सहा-सहा तास थांबतात आणि मग मूत्रमार्गाचा संसर्ग होतो. पाळीच्या दिवसांत खिशात जादा पॅड ठेवा आणि दहा मिनिटं मागून घ्या. मागितल्यावर नाही म्हणणारी सिस्टर मी क्वचितच पाहिली.

रात्रपाळीच्या दिवशी दुपारी दीड-दोन तास पडदा ओढून झोपा. रात्री जेवण हलकं असू द्या. भाकरी-भाजी चालेल, वडापाव नको. पहाटे तीन ते पाच या वेळात डोळे उघडे असले तरी डोकं पेंगत असतं. त्या वेळची औषधं मैत्रिणीबरोबर मोठ्यानं वाचून द्या. सकाळी डोळे मिटत असतील तर स्कूटी तिथंच ठेवा आणि बसनं जा.

निघण्याआधी ओव्हर देताना, म्हणजे पुढच्या पाळीला काम सोपवताना, राहिलेलं कामही सांगा. चार नंबरच्या बाईंची पाचची कूस बदलायची राहिली, नऊ नंबरचं बीपी मला नीट ऐकू आलं नाही, परत बघा. सकाळची सिस्टर कदाचित कपाळाला आठी घालेल, पण पिशवी खाली ठेवण्याआधी ती चार नंबरकडं जाईल.